लाइट गेल्यावरचं घुमणं

लाइट गेली की टोकावड्याच्या बाजारात प्रत्येक जण काही ना काही करतो. कोल्ड्रिंकवाला फ्रिजचं दार नीट दाबून बसतो, शिंपी मशीनवरून उठून तंबाखू मळतो, मोबाइलवाला उगाच बाहेर येऊन तारांकडे बघतो. मी शेजारच्या बंद शटरकडे बघतो. त्या शटरमागे पिठाची गिरणी होती आणि गिरणीत हौसाकाकी होती. लाइट गेली, पट्टा थांबला, दगड फिरत फिरत गप्प झाले की ती मान जराशी कलती करायची, डोळे अर्धे मिटायची आणि म्हणायची, "आलं बघ."

काय आलं ते तिला एकटीलाच ठाऊक. तिला एक घुमणं ऐकू यायचं. खालच्या पट्टीतलं, एकसारखं, लांबून येणारं. बाजारात दुसऱ्या कोणालाही ते येत नव्हतं. मलाही नाही. आणि मला येत नाही म्हणून मी त्या बाईचा सात-आठ वर्षं मनापासून हेवा केला. हे लिहायला लाज वाटते. पण हेवा बाजूला ठेवून काकीबद्दल लिहायला बसलो तर ते कोणाही गिरणीवालीचं वर्णन होईल, कारण मी तिच्याकडे एवढं निरखून बघितलं ते हेव्यापोटीच.

माझा धंदा मोटर रिवायंडिंगचा. विहिरीवरच्या मोटरी, भाताच्या गिरण्यांच्या मोटरी, लग्नाच्या हॉलचे मोठे पंखे. मुरबाडला उस्तादाकडे सहा वर्षं काढली, तिथे मी दोन गोष्टी शिकलो. तांब्याची तार मोजून गुंडाळायची, आणि मोटर खोलायच्या आधी ऐकायची. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीच्या अंगाला लावायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. मग बेअरिंग बोलतं, बुश बोलतो, शाफ्ट वाकला असेल तर तोही बोलतो. माझं नाव झालं ते यातच. लोक मला 'कानाचा मिस्त्री' म्हणायचे. पुढे मोबाइल आले तेव्हा तर वैशाखऱ्याचा शेतकरी विहिरीवरून फोन लावायचा आणि फोन मोटरीपाशी धरायचा. "ऐक रे मिस्त्री, काय झालं हिला?" आणि मी दुकानात बसून सांगायचो, मागचं बेअरिंग गेलंय, घेऊन ये. दहापैकी नऊ वेळा बरोबर यायचं. तेव्हा आजूबाजूला बसलेले लोक माझ्याकडे बघायचे, त्याची मला सवय लागली होती.

अशा माणसाच्या शेजारी हौसाकाकी होती. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, अंगानं काटकुळी, हातांची बोटं मात्र पुरुषासारखी जाड. नवरा गिरणी सुरू करून दोन वर्षांत वारला, तेव्हापासून पट्टा चढवणं, गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी देणं, सगळं तीच करायची. भुवयांवर बारा महिने पीठ. न्हाऊन-धुऊन लग्नाला आली की भुवया काळ्या दिसायच्या, आणि मग मांडवात बायका एकमेकींना विचारायच्या, ही कोण गो? गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तिचं निम्मं बोलणं हातानं चालायचं. बोटं चोळली म्हणजे बारीक पाहिजे का, तळवा आडवा हलवला म्हणजे संध्याकाळी ये. उरलेलं निम्मं बोलणं एवढ्या मोठ्यानं असायचं की तिचं गुपित एस.टी. थांब्यावरच्या माणसालाही कळावं.

गिऱ्हाइकानं घाई केली की तिचं एकच उत्तर असायचं, "घाई हाय तर जाडं घेऊन जा." हे वाक्य ती दळणापुरतं ठेवायची नाही. माझं लग्न जमत नव्हतं आणि मी कुठल्याही स्थळाला हो म्हणायला निघालो होतो, तेव्हा तिनं हेच सांगितलं. पंचायतीचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला, तेव्हाही ती दारात उभी राहून हेच म्हणाली.

तिची एक पद्धत मी दुसऱ्या कुठल्या गिरणीत बघितली नाही. आमच्याकडे तांदळाची भाकरी आणि नाचणीची भाकरी, दोन्ही चालतात. नाचणी दळून झाली की दगडांत लाल पीठ अडकून राहतं आणि पुढच्याच्या पांढऱ्या तांदळात उतरतं. बाकीच्या गिरण्यांत यावरून रोज भांडण. काकीच्या गिरणीत भांडण नाही, कारण नाचणीनंतर ती स्वतःच्या डब्यातली मूठभर तांदळाची कणी मध्ये टाकायची. दगड साफ झाले की मग पुढच्याचं दळण. त्याला ती 'मधला घास' म्हणायची. तो मधला घास ती वेगळा जमवायची आणि त्याचीच भाकरी खायची. त्यामुळे तिच्या भाकरीचा रंग रोज निराळा. एक दिवस गुलाबी, एक दिवस राखाडी, कोणी हरभरे दळले की पिवळी. मी चिडवायचो, "काकी, तू एकटीच अख्ख्या गावाचं खातेस." ती म्हणायची, "आन् कोणाला कळत पन नाय."

ते घुमणं पहिल्यांदा आलं त्या दिवशी शुक्रवार होता. आमच्याकडे तेव्हा शुक्रवारी दुपारी लाइट जायची. मी जेवून दुकानात पाठ टेकली होती. काकी दारात आली.

"मिस्त्री, तुझी कुठली मोटर चालू राहिली काय रे?"

"काकी, लाइट गेलीय."

"ते माला पन माहीत हाय. मंग घुमतंय काय?"

मी कान दिला. लांब एक कुत्रं भुंकत होतं, घाटाकडे जाणारा ट्रक गिअर बदलत होता. बाकी काही नाही. "तुझ्या डोक्यात गिरणी फिरतेय," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "नाय रे. गिरणीचा आवाज माला माहीत नाय काय? हा खालचा हाय. ऐक की नीट."

ऐक की नीट! हे मला सांगितलं तिनं, ज्याला अख्खा तालुका मोटर ऐकवायला यायचा. तिथून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते लागलंच.

तिचं म्हणणं खोटं पाडायला मी काय काय केलं ते सांगत बसलो तर माझीच शोभा होईल. डीपीच्या खांबाला स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं, लाइट नसताना. मोबाइलच्या टॉवरखाली जाऊन उभा राहिलो. रस्त्याकडेच्या कातळावर पालथा पडून कान लावला, तेव्हा ढाब्यावरच्या माणसानं पाणी घेऊन धाव घेतली, त्याला वाटलं मला चक्कर आली. कुठेच काही नाही. आणि दर शुक्रवारी काकी मात्र आपली मान कलती करून, "आलं बघ."

गावानं आधी तिची थट्टा केली, मग हळूहळू थट्टेत भीती मिसळली. कोणी म्हणालं जमिनीखाली पाणी वाहतं त्याचा आवाज, कोणी म्हणालं देवीचा कौल. एका मंगळवारी दोघी बायका नारळ आणि ओटीचं सामान घेऊन गिरणीत आल्या. काकीनं नारळ हातात घेतला, हलवून बघितला आणि परत दिला. "देव नाय नि बिव नाय. नुसता आवाज हाय. दळण असंल तर ठेवा, नायतर तो पट्टा अंगावर यील, मागं सरका." दुसरी कोणी असती तर देव्हारा मांडून बसली असती. मी असतो तर नक्की बसलो असतो. तिला त्या आवाजातून काहीच नको होतं आणि मला त्यातलं एवढंसं तरी पाहिजे होतं, आणि तो तिच्याकडे येत होता.

शेणव्याला दिलेली तिची मुलगी मंगल हे सगळं ऐकून घाबरली. आईला कानाच्या डॉक्टरकडे न्या म्हणून तिनं मला फोन केला, जावयाला सुट्टी नव्हती. मी लगेच हो म्हणालो. मंगलला वाटलं शेजारधर्म. मला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं की या बाईच्या कानात बिघाड आहे.

कल्याणच्या त्या दवाखान्यात काचेची एक खोली होती. आत बसायचं, कानावर हेडफोन घालायचा आणि आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. काकी पदर खोचून आत बसली, जशी पट्टा चढवायला बसते तशी. अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. गिरणीच्या आवाजानं वरचे बारीक आवाज कमी झालेत, त्या म्हणाल्या, पण खालचे आवाज यांना उत्तम ऐकू येतात, तरुण माणसासारखे. घुमणं बाहेरचं असेल किंवा कानातलंच असेल, सांगता येत नाही. "त्रास होतो का आजी त्याचा?"

"तरास कसला? सोबत हाय."

मला राहवलं नाही. म्हटलं, आलोच आहोत तर माझेही कान बघा. मी आत बसलो. खोलीचं दार बंद झालं आणि अशी शांतता पसरली की मला माझा श्वास ऐकू यायला लागला. बाहेर काचेपलीकडे काकी बसली होती, माझ्याकडे बघत. एक आवाजही चुकवायचा नाही असं मी ठरवलं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "काका, मी अजून आवाज सोडलाच नाही."

दुसऱ्यांदा खरी तपासणी झाली. माझ्या कागदावरची रेघ उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, पार खाली उतरली होती. इतकी वर्षं ग्राइंडर आणि हातोडा, कानात बोळा कधी घातला नाही. बारीक आवाज निम्मे गेलेत, त्या म्हणाल्या, पुढे कदाचित कानात शिट्टी वाजायला लागेल. बेअरिंग बिघडायला लागलं की आधी बारीक ओरडतं. तोच आवाज माझ्याकडून गेला होता, म्हणजे माझा धंदा गेला होता, फक्त गावाला अजून कळलं नव्हतं. मी कागदाची चौकोनी घडी करून मागच्या खिशात घातली.

"काय बोलली ती बाई?" काकीनं एस.टी.त विचारलं.

"फर्स्टक्लास म्हणाली."

"मंग तुझ्याकडं अशी का बगत होती?" एवढं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यानंतर दोन महिन्यांनी वैशाखऱ्याची गोष्ट झाली. तिथल्या पाण्याच्या योजनेची मोटर जरा वेगळी वाजते म्हणून मला बोलावणं आलं. काकीची बहीण त्याच गावात, म्हणून ती माझ्या गाडीवर मागे बसून आली. पंपाची खोली विहिरीच्या काठावरच. ती कठड्यावर बसली, मी आत गेलो. स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. चारपाच माणसं भोवती श्वास धरून उभी. मला सगळं गुळगुळीत ऐकू आलं. "काही नाही," मी म्हणालो, "वर्षभर बघायला नको."

माणसं पांगली तशी काकी दारात आली. "मिस्त्री, हिच्या पोटात काय तरी घासतंय. खालच्या आवाजात हाय. फिरताना अडतंय नि परत सुटतंय."

"काकी, ही मोटर आहे. तुझी गिरणी नाही."

"मोटरच ना. माझी गिरणी काय मी हातानं फिरवते?"

मी गाडीला किक मारली. तिच्या बहिणीकडेही थांबलो नाही, तिला तिथेच सोडून परत आलो. आठव्या दिवशी बेअरिंग जाम होऊन मोटर जळाली. वैशाखऱ्याच्या बायकांना आठवडाभर नदीवरून हंडे आणावे लागले. पाणी समितीचा अध्यक्ष तिघांना घेऊन माझ्या दुकानावर आला आणि बाजारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. कानाचा मिस्त्री, म्हणे. यापुढे मुरबाडचा माणूस बोलावू.

मी खाली मान घालून उभा. गिरणीचा आवाज अचानक थांबला. काकीनं दळण अर्ध्यावर बंद केलं होतं, जे ती कधी करायची नाही. ती बाहेर आली, हाताचं पीठ पदराला पुसत.

"त्याला कशाला बोलताव? तुमची माणसं पांगल्यावर मिस्त्रीनं परत ऐकलं नि बोलला, बेअरिंग बदला म्हणून. माझ्याजवळ निरोप दिलान् त्यानं. मी बहिणीकडं गेली नि इसरली."

अध्यक्षाचा सगळा राग तिच्याकडे वळला. म्हातारीच्या डोक्यात काय काय आवाज येतात, तिच्याजवळ निरोप दिलाच कशाला, असं बरंच. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. ते गेल्यावर तिनं गिरणी पुन्हा चालू केली.

चांगला माणूस असता तर त्या संध्याकाळी तिच्या पाया पडला असता. मी घरी जाऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावर ओरडलो. माझा कान गेला तो गेला, आता माझं नावही तिच्या मेहेरबानीवर होतं. तिला काय कमी होतं? न मागता ऐकू येतं, न मागता वाचवताही येतं. त्या रात्री मी तिचा जेवढा दुस्वास केला तेवढा अध्यक्षाचाही केला नाही.

आणि दोनच दिवसांनी शिंप्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय मिस्त्री, काकीचं घुमणं तुला तरी येतं काय ऐकू?" मी म्हणालो, "येतं की. पहिल्यापासून येतं. मी बोलत नाही एवढंच."

बोलून मागे वळलो तर काकी उभी. हातात पिठाचा डबा. मला वाटलं आता ही मला सोलून काढणार. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं जे मी कधी बघितलं नव्हतं. लहान पोरीला जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तशी ती माझ्याकडे बघत होती. "खरं?" तिनं विचारलं. एवढंच, आणि तेही हळू आवाजात. ती हळू बोलू शकते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी लाइट गेली आणि ती येऊन माझ्या बाकड्यावर बसली. "आलं," ती म्हणाली. मी मान हलवली. "कुठनं येतंय सांग."

एवढी वर्षं मी तिच्या तोंडाकडे बघत आलो होतो, तिच्या सुखाकडे. मान कोणत्या बाजूला कलते ते कधी बघितलंच नव्हतं. मी घाटाच्या दिशेला बोट केलं.

तिनं माझ्या बोटाकडे बघितलं. "हां," मग म्हणाली. "तिकडनंच."

तेवढ्यावर सुटलो. पण त्यानंतरच्या शुक्रवारी मी नीट बघितलं. काकीनं आठवणीनं डावा कान घाटाकडे धरला होता. थोड्या वेळानं डोळे मिटले, आणि मान आपसूक, हळूहळू फिरत दुसऱ्या बाजूला गेली, खाली नदीकडे. मग एकदम लक्षात येऊन तिनं ती पुन्हा घाटाकडे वळवली. म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मला ऐकू येत नाही हे कळलं होतं आणि ती मला सांभाळून घेत होती, वैशाखऱ्याच्या वेळेसारखीच. मी आतून जळत तिच्या शेजारी बसलो.

तरी बसलो. तीन वर्षं दर शुक्रवारी बसलो. उठून गेलो असतो तर खोटं उघडं पडलं असतं. ती सांगायची, आज जाड हाय, आज बारीक झालंय, आज मध्येच थांबून परत आलं. मी हूं म्हणायचो. कधी तिच्या त्या रंगीबेरंगी भाकरीचा तुकडा हातावर ठेवायची. लाइट आली की ती उठायची आणि मी सुटलो म्हणायचो.

मग घराघरांत पीठ दळायच्या छोट्या घरघंट्या आल्या, दुकानात तयार पिठाच्या पिशव्या आल्या. काकीचे गुडघे गेले. मंगल तिला शेणव्याला घेऊन गेली. जायच्या दिवशी तिनं दगड धुऊन पुसून ठेवले, शटर ओढलं आणि मला फक्त एवढंच म्हणाली, "शुक्रवारी बसत जा रे." मी हो म्हणालो. मनात आलं, चला, सुटलो. पहिल्याच शुक्रवारी लाइट गेली आणि मी बाकड्यावर बसलो. काहीही ऐकू आलं नाही, आणि शेजारी ते ऐकणारंही कोणी नव्हतं.

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी शेणव्याला गेलो तेव्हा तिला टोकावडं सोडून दोन वर्षं झाली होती. भात कापून झालं होतं. ती पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. भुवया आता पीठ नसतानाही पांढऱ्या. मला बघून तिनं तळवा आडवा हलवला, म्हणजे बस. मंगलनं चहा दिला. आत टीव्ही चालू होता. पत्रिका काकीनं उलटी-सुलटी करून बघितली आणि मुलगा काय करतो ते विचारलं.

तेवढ्यात लाइट गेली. टीव्ही बंद पडला आणि सगळं गप्प झालं. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती सूप हलवत राहिली.

"काकी, आलं का?"

"गेलं ते," ती म्हणाली. "हितं आल्यावर म्हैनाभर होतं. मंग एक दिवस लाइट गेली नि कायच नाय. तवापासून नाय." सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. "टोकावड्याला येतं ना अजून?"

हो म्हणणं सोपं होतं. माझ्या तोंडात आलंही होतं. पण ती ज्या तऱ्हेनं वाट बघत होती ते मला सोसवेना.

"काकी, मला कधीच आलं नाही."

"माहीत हाय माला."

"मग हो का म्हणत राहिलीस? माझी दया येत होती?"

"दया?" ती जुन्या मोठ्या आवाजात म्हणाली. "तुझी कसली दया रे? तुला खोटा पाडला असता तर तू उठून गेला असतास ना. येवढी वर्सं माझ्याबाजूला येऊन कोन बसला होता? सगळी हसायची, नायतर नारळ आनायची. तू नुसता बसायचास."

जिला मी मेहेरबानी समजून तीन वर्षं जळत होतो, ती तिची गरज होती. गप्प बसवेना म्हणून मी माझं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालंय, मी म्हणालो. वर्षभर झालं, उजव्या कानात शिट्टी वाजते. बारीक, एकसारखी. झोपताना, जेवताना, सारखी. कोणाला ऐकू येत नाही. धंदा आता पुतण्या बघतो.

काकी ताठ बसली. "आत्ता पन वाजतेय?"

"वाजतेय की."

"हलू नको." ती गुडघ्यावर हात दाबून उठली आणि माझ्याजवळ सरकली. माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, जाड बोटांनी, आणि आपला डावा कान माझ्या उजव्या कानाला लावला. मी मोटरीला स्क्रू-ड्रायव्हर लावायचो तसा घट्ट. तिचा श्वास थांबला. अंगाला तिच्या अजून पिठाचा वास होता. किती वेळ गेला कोण जाणे. मंगल दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत आत गेली.

"नाय येत रे," ती शेवटी म्हणाली.

मागे सरून ती माझ्या कानाकडे बघत राहिली. ती नजर मला नवी नव्हती. सात-आठ वर्षं मी तिच्याकडे तशाच नजरेनं बघितलं होतं.

"तुझं बरं हाय, मिस्त्री," ती म्हणाली. "तुझ्याजवळ हाय काय तरी."

आणि मग माझी मान पुन्हा धरून तिनं मला जवळ ओढलं. "थांब, लाइट यायच्या आत परत एकदा बगू दे."

मी कान पुढे केला.